पत, पारख आणि म्हसवडची बँक

आपल्या समाजात एखाद्या बंधूची बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या अध्यक्षपदी निवड झाली की सत्कार ठरलेलाच असतो. शाल, श्रीफळ, मानपत्र, स्थानकात किंवा मंगल कार्यालयात चार शब्द, आणि पुढच्या अंकात छायाचित्रासह वृत्त. यात वावगे काही नाही. ज्याने आपला धंदा सांभाळून लोकांच्या पैशाची राखण केली, त्याचा मान ठेवलाच पाहिजे. पण अशा समारंभांत ठेवींचे आकडे, शाखांची संख्या आणि नव्या इमारतीचे वर्णन ऐकताना एक प्रश्न मनात राहतो. बँक चालवणाऱ्याचा गौरव नेमका कशासाठी करावा? ठेवी वाढल्या म्हणून, की ज्याला कोणी दारात उभे करत नव्हते त्याला खाते मिळाले म्हणून?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना नाशिकहून थोडे दक्षिणेला, सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला जावे लागते. जानेवारी २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधील दावोस येथे जागतिक आर्थिक मंचाची वार्षिक परिषद भरली. त्या वर्षी प्रथमच परिषदेच्या सर्व सहअध्यक्षा महिला होत्या. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या तत्कालीन प्रमुख क्रिस्टीन लगार्ड, नॉर्वेच्या तेव्हाच्या पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग, आयबीएम या बलाढ्य कंपनीच्या जिनी रोमेटी अशा सात जणींमध्ये एक नाव होते चेतना गाला सिन्हा, म्हसवड, तालुका माण. ज्या बँकेच्या त्या संस्थापक, तिचे नाव माणदेशी महिला सहकारी बँक. नाणेनिधीच्या प्रमुखांशेजारी आठवडे बाजारात भाजी विकणाऱ्या बायांच्या बँकेची प्रतिनिधी बसते, ही गोष्ट वाचायला सुखद आहेच. तिच्यामागचा हिशेब मात्र अधिक वाचनीय आहे.

तो हिशेब नीट समजायचा तर आपल्याच घरातील जुनी चोपडी आधी उघडावी लागेल. महाराष्ट्रात आपले पूर्वज मारवाडातून, गुजरातेतून आले, खेड्याखेड्यांत दुकाने थाटली आणि दुकानाबरोबर देवघेवही सुरू केली. शेतकऱ्याला बियाण्यासाठी, लग्नासाठी, सरकारी साऱ्यासाठी पैसा लागे आणि तो देणारा दुसरा कोणी नसे. या व्यवहारात सचोटीने वागलेली घराणी पुष्कळ होती, आणि तसे न वागलेलीही होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेला भाव १८६५ नंतर कोसळला, साऱ्याचे नवे दर वाढले, आणि कर्जाच्या ओझ्याखाली शेतकरी पिचला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगा उसळला आणि पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत तो पसरला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की लोकांचा रोख प्रामुख्याने कागदांवर होता. माणसांवरील हल्ले त्या मानाने कमी झाले; जाळले गेले ते कर्जरोखे. ज्यांची दारे ठोठावली गेली ते सावकार बहुतेक मारवाडी आणि गुजराती होते. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला.

ही आठवण आपल्या समारंभांत सहसा निघत नाही. ती काढावी असे मला वाटते, कारण पुढची वाटचाल तिथूनच सुरू होते. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला तो सावकारीला पर्याय म्हणूनच. पुढे व्यापाऱ्यांनाही तोच रस्ता उपयोगी पडला. बँकांचे राष्ट्रीयीकरण होण्यापूर्वी, म्हणजे १९६९ च्या आधी, मोठ्या बँकांचा ओढा मोठ्या उद्योगांकडे असे. रविवार कारंजावरच्या किराणा दुकानदाराला किंवा सराफ बाजारातल्या लहान पेढीला तिथे फारशी किंमत नव्हती. १९५९ मध्ये स्थापन झालेली नाशिक मर्चंट्स को-ऑपरेटिव्ह बँक ही या शहरातील व्यापाऱ्यांनी एकमेकांच्या पतीवर उभी केलेली संस्था. म्हणजे ज्याला मोठ्या बँकेने लहान मानले, त्याने आपली बँक काढली. आपल्या पिढीला हे इतके सरावाचे झाले आहे की, आपण कधीकाळी बँकेच्या दाराबाहेर होतो हेच विस्मरणात गेले.

आता म्हसवडला जाऊ.

माण नदीच्या काठचे हे गाव, सिद्धनाथाच्या यात्रेसाठी प्रसिद्ध. सह्याद्री ओलांडताना पाऊस आपले सारे देणे पश्चिमेला देऊन टाकतो आणि या भागाच्या वाट्याला उरलेसुरले येते. मेंढ्या, शेळ्या, ज्वारी-बाजरी, आणि साल वाईट गेले की ऊसतोडीला किंवा मुंबईला स्थलांतर. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मुळे हा मुलूख मराठी वाचकाच्या मनात कायमचा वसला, पण पुस्तकातून मुलखाबद्दल वाटणारे प्रेम आणि तिथे पाणी शेंदणे यांत अंतर आहे.

चेतनाताई मुंबईत वाढल्या. माहेरचे गाला हे आडनाव आपल्या वाचकांना ओळखीचे वाटेल. तरी त्यांची ओळख आडनावावरून व्हावी असे त्यांच्या आयुष्यात फारसे काही नाही. विद्यार्थिदशेत त्या जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनात ओढल्या गेल्या. चळवळीत भेटलेल्या विजय सिन्हा यांच्याशी विवाह करून १९८० च्या दशकात त्या म्हसवडला आल्या. घरात वीज नाही, नळ नाही, संडास नाही. आपल्याला याची आधी कल्पनाच नव्हती, असे त्यांनी पुढे अनेक व्यासपीठांवर हसत हसत सांगितले आहे. शहरातून गावी येऊन काम करणारी माणसे बरीच असतात, पण बहुतेक काही वर्षांत परततात. त्या परतल्या नाहीत, इतकेच येथे नोंदवणे पुरेसे.

एके दिवशी कांताबाई नावाची एक स्त्री त्यांच्याकडे आली. ही रस्त्याच्या कडेला झोपडे टाकून लोहारकाम करणारी बाई. तिला बँकेत खाते उघडायचे होते. कर्ज नको होते, सरकारी मदत नको होती, कोणाचे उपकारही नको होते. रोजच्या मिळकतीतले थोडे पैसे सुरक्षित ठेवायचे आणि पावसाळ्यापूर्वी झोपडीवर घालायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा, एवढेच तिचे म्हणणे. चेतनाताईंनी बँकेत विचारणा केली. उत्तर मिळाले की इतक्या लहान रकमेचे खाते बँकेला परवडत नाही.

या नकारात एक विचित्र गोष्ट आहे. आपण गरिबाविषयी बोलतो तेव्हा तो कर्ज मागायला येतो आणि फेडत नाही अशी आपली समजूत असते. इथे एक बाई बँकेला पैसे द्यायला आली होती आणि बँक ते घ्यायला तयार नव्हती. ठेवीदार होण्याचीही एक पायरी असते आणि ती तिच्या उंचीच्या वर बांधलेली होती. पैसे घरात ठेवले तर नवऱ्याच्या हाती पडणार, झोपडीत पुरले तर पावसात जाणार, ओळखीच्याकडे ठेवले तर मागताना ओशाळे व्हावे लागणार. बचत करण्याची इच्छा असून बचतीला जागा नसणे हे दारिद्र्याचे असे अंग आहे, की ज्याच्या खिशात पहिल्यापासून पासबुक आहे त्याला ते कधी दिसतच नाही.

तेव्हा या बायांचीच बँक काढावी असे ठरले. कल्पना अगदीच अपूर्व नव्हती. अहमदाबादेत इला भट यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये चार हजार स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपये भागभांडवल घालून सेवा बँक उभी केली होती. पण ते मोठे, गिरण्यांचे शहर होते. इथे दुष्काळी तालुक्यातले गाव होते. म्हसवडच्या बायांनी भांडवल गोळा केले, अर्ज केला, आणि १९९६ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो नाकारला. कारण, प्रवर्तक सभासदांपैकी अनेक जणी निरक्षर होत्या. कागदांवर सह्यांच्या जागी अंगठे होते.

चेतनाताई रडवेल्या होऊन गावी परतल्या. बाया मात्र रडल्या नाहीत. आम्ही लिहायला-वाचायला शिकू आणि पुन्हा अर्ज करू, असे त्यांनी सांगितले. दिवसभर रानात किंवा दुकानात राबून झाल्यावर रात्री त्या पाटी घेऊन बसू लागल्या. काही महिन्यांनी पंधरा जणी चेतनाताईंबरोबर पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात गेल्या. तिथे त्यांनी जे मांडले त्याचा आशय असा: आम्ही लहान होतो तेव्हा गावात शाळा नव्हती, हा काही आमचा गुन्हा नाही. आम्हांला वाचता येत नसेल, पण मोजता येते. कोणतीही मुद्दल सांगा, तिचे व्याज आम्ही तोंडी काढून दाखवतो. तुमच्या अधिकाऱ्यांनाही यंत्राविना तेच काढायला सांगा आणि कोण आधी सांगते ते बघा.

आपल्या घरांतून ज्यांनी पावकी-निमकी आणि औटकी पाठ करणारे आजोबा पाहिले आहेत, त्यांना या आव्हानातली गंमत लगेच कळेल. हिशेब ही अक्षरांच्या आधीची विद्या आहे. व्याज भरता भरता ज्यांचे आयुष्य गेले त्यांना व्याज कळत नाही असे मानणे, हा शिकलेल्यांचा भाबडेपणा होता. परवाना मिळाला. १९९७ मध्ये बँक सुरू झाली, आणि ग्रामीण स्त्रियांनी ग्रामीण स्त्रियांसाठी चालवलेली देशातील पहिली बँक म्हणून ती ओळखली जाऊ लागली. २०१८ पर्यंत एक लाखाहून अधिक स्त्रिया तिच्याशी जोडल्या गेल्या होत्या.

आता तिच्या कामकाजाकडे पाहू, कारण बँकरची पारख इमारतीत होत नाही, व्यवहाराच्या लहानसहान नियमांत होते. पहिली अडचण आली ती वेळेची. बँक उघडते दहाला. त्या वेळी मजूर बाई रानात असते. पैसे भरायला आली तर तिची रोजंदारी बुडते. वीस रुपये साठवण्यासाठी दिवसाची मजुरी घालवायची, हा कोणता हिशेब? म्हणून बँकेची माणसे तिच्या दारी, बाजारात, कामाच्या ठिकाणी जाऊ लागली. आपल्याकडील पिग्मी एजंटाची पद्धत वाचकांना माहीत आहे. तिचाच हा विस्तार.

दुसरी अडचण पासबुकाची. ते घरी नेले की शिल्लक नवऱ्याला कळते आणि मग ती शिल्लक राहत नाही. तेव्हा बायांना पासबुकाऐवजी कार्ड हवे झाले. कार्ड आले, तर त्याला गुप्त क्रमांक आला. तो बाया कोणाला तरी सांगणार किंवा कोणी तरी तो बघणार. त्यावर बायांनीच सुचवले की क्रमांक नको, अंगठ्याचा ठसा घ्या. क्रमांक कोणीही चोरील, अंगठा कोण चोरणार? ज्या अंगठ्यामुळे परवाना नाकारला गेला होता, तोच आता तिजोरीची किल्ली झाला. गरिबांसाठी गरीब उपाय देऊ नयेत, हा धडा आपण या बायांकडून शिकलो, असे चेतनाताई सांगतात.

तिसरी गोष्ट बाजाराची. आठवडे बाजारात भाजी किंवा बांगड्या घेऊन बसणाऱ्या बाईला सकाळी माल भरायला रोख लागते. खासगी देणारा सकाळी नऊशे रुपये हातात ठेवतो आणि संध्याकाळी हजार घेतो, असा व्यवहार अनेक बाजारांत सर्रास चालतो. उदाहरणादाखल हिशेब करून बघा. आठवड्याला एक बाजार धरला तरी वर्षाचे बावन्न बाजार होतात, आणि नऊशे रुपयांच्या भांडवलापोटी ती बाई वर्षाला ५,२०० रुपये व्याज भरते. इतके करून वर्षअखेरीस ते नऊशे तिचे नसतातच. दर संध्याकाळी ती प्रामाणिकपणे हजार रुपये परत करते म्हणूनच तर पुढच्या आठवड्यात तिला पुन्हा पैसे मिळतात. म्हणजे तिची पत उत्तम आहे. पण ती कोणत्याही कागदावर नाही. बँकरचे काम एवढेच, की असलेली पत ओळखायची आणि तिला रास्त भाव द्यायचा. आपल्या गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात सकाळी लवकर गेल्यास असे व्यवहार कोण करते आणि कोणत्या भावाने करते, याची चौकशी आपल्या बँकांच्या संचालकांनाही सहज करता येईल.

कर्जासाठी तारण लागते, आणि तारण म्हणजे घर किंवा जमीन. ती नवऱ्याच्या नावे. या ठिकाणी माणदेशीच्या कामाने बँकेची चौकट ओलांडली. घराच्या कागदावर पत्नीचेही नाव लागावे यासाठी ‘घर दोघांचे’ ही मोहीम चालवली गेली. या विचाराचे एक मूळ आपल्या जिल्ह्यात आहे. ज्या चांदवडला आपण नेमिनाथ जैन आश्रमासाठी ओळखतो, तिथेच नोव्हेंबर १९८६ मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले होते आणि शेतकरी स्त्रियांचा प्रचंड समुदाय लोटला होता. स्त्रीच्या नावे जमीन करण्याचा ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम त्याच चळवळीतून पुढे आला. आपल्या घरांकडेही या निमित्ताने एकदा पाहायला हरकत नाही. पेढीच्या भागीदारीपत्रात किती सुनांची नावे आहेत? आणि जिथे आहेत तिथे ती कर वाचवण्यापलीकडे कशासाठी आहेत?

कर्ज दिले म्हणजे काम झाले असे नाही, हेही म्हसवडने लवकर ओळखले. म्हणून बायांसाठी उद्योगाचे शिक्षण देणारी शाळा निघाली आणि ज्यांना शाळेपर्यंत येता येत नाही त्यांच्यासाठी ती बसमध्ये बसवून गावोगाव फिरवली गेली. हिशेब, भाव ठरवणे, शेळीपालन, मोबाइलचा वापर असे साधे, उपयोगाचे विषय तिथे असतात. पुढे स्थानिक आकाशवाणी केंद्रही आले. त्याचा उल्लेख शेवटी येईल.

येथे थोडे थांबून विरुद्ध बाजूही पाहिली पाहिजे. लहान कर्जांनी दारिद्र्य हटते, हा समज एकेकाळी जगभर पसरला होता. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात त्याची दुसरी बाजू दिसली. सूक्ष्मवित्त कंपन्यांनी एकेका घरावर अनेक कर्जे लादली, वसुलीचा जाच झाला, आत्महत्यांच्या बातम्या आल्या, आणि त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारला अध्यादेश काढावा लागला. त्याच वर्षी त्यांतील एका मोठ्या कंपनीचे समभाग बाजारात चढ्या भावाने विकले गेले होते, हेही विसरता येत नाही. म्हसवडची गोष्ट वेगळी ठरते ती तिथल्या व्यवहाराच्या क्रमामुळे. अशा कंपनीला ठेवी घेता येत नाहीत. ती फक्त कर्ज विकू शकते. इथे कांताबाई आधी ठेवीदार होती, मग भागधारक झाली. जिथे कर्जदार स्वतःच मालक असतो तिथे वसुली करणाऱ्यालाही बोलताना भान ठेवावे लागते.

सहकारी म्हटले की सारे आलबेल, असेही नाही. महाराष्ट्राने या बाबतीत पुरेसे सोसले आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि निवृत्त माणसे स्वतःच्याच पैशासाठी रांगेत उभी राहिली. पुण्याच्या रुपी बँकेचा परवाना २०२२ मध्ये रद्द झाला. १९१० मध्ये स्थापन झालेल्या, शंभरी ओलांडलेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना २०२३ मध्ये गेला. आपल्या किती नातेवाइकांच्या ठेवी तिथे होत्या हे वाचकांना सांगायला नको. २०२० पासून ठेवींवरील विम्याची मर्यादा एका लाखावरून पाच लाखांवर गेली, त्यामुळे लहान ठेवीदार काहीसा सावरला. पण लग्नासाठी, आजारपणासाठी साठवलेला पैसा वेळेवर मिळाला नाही, तर नंतर मिळून त्याचा काय उपयोग? आपल्या आचारशास्त्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये न्यासापहार, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव गिळंकृत करणे, आणि कूटलेखक्रिया, म्हणजे खोटे कागद करणे, यांची स्वतंत्र नोंद आहे. ठेवीच्या अपहाराला चोरीबरोबर न बसवता असत्याबरोबर बसवले, यात शास्त्रकारांची फार सूक्ष्म दृष्टी दिसते. ठेव स्वीकारणे हे मुळात एक वचन असते.

चेतनाताईंच्या वाट्याला आलेल्या सन्मानांची यादी मोठी आहे. २००५ चा जानकीदेवी बजाज पुरस्कार, २०१३ मध्ये देशातील सामाजिक उद्योजकतेचा वार्षिक पुरस्कार, आणि पुढे दावोस. परंतु माझ्या मते त्यांच्या बँकरपणाची खरी परीक्षा एका सकाळी म्हसवडच्या शाखेतच झाली, आणि ती घेणारी होती त्यांची एक ग्राहक.

२०१२ च्या सुमारास महाराष्ट्रावर मोठा दुष्काळ आला. माणमध्ये विहिरी आटल्या, चारा संपला. केराबाई नावाची एक शेतकरी स्त्री अंगावरचे दागिने तारण ठेवायला बँकेत आली. बँकेच्या दृष्टीने सोनेतारण हा अगदी सोयीचा व्यवहार. वजन करायचे, पावती द्यायची, पैसे मोजायचे. चेतनाताईंनी मात्र विचारले की एवढे मोलाचे दागिने का ठेवता? केराबाईंनी सांगितले की जनावरांना चारा नाही, पाणी नाही. चाऱ्यासाठी सोने ठेवते आहे. आणि मग उलट विचारले की सोन्यावर पैसे मिळतील, पण सोने ठेवून पाणी मिळेल का? त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. तुम्ही आमच्यासाठी बँक काढली, वर्ग चालवता. पण पाणीच नसेल तर आम्ही गाव सोडून जाऊ, आणि मग तुम्ही बँक कोणाबरोबर चालवणार, असा त्यांचा रोख होता.

या प्रश्नाला बँकिंगच्या कोणत्याही नियमपुस्तकात उत्तर नाही. दागिने घेऊन कर्ज दिले असते तरी बँकेचे काम चोख झाले असते. तपासनिसाने त्यावर एक शेरा मारला नसता. आणि सहा महिन्यांनी जनावरे विकली गेली असती, सोने बुडाले असते, केराबाईंच्या घराला कुलूप लागले असते. चेतनाताईंना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी उठून त्यांनी घरी सांगितले की आपण चारा छावणी सुरू करायची. छावणी म्हणजे काय, हजारो जनावरांना रोज किती चारा लागतो, टँकर कुठून आणायचे, यातले काहीच हाताशी नव्हते. घरच्यांनाही हे वेडच वाटले. तरी छावणी उभी राहिली. शेतकरी कुटुंबे जनावरांसह तिथे येऊन राहिली. पाऊस लांबला आणि छावणीही लांबली. ती सुमारे दीड वर्ष चालली. चारा कुठे आहे, पाणी कधी येणार, याची माहिती स्थानिक आकाशवाणीवरून दिली जाई. पैसे संपत आले तेव्हा कुठून कुठून मदत आली, ओळख नसलेल्यांनीही चारा पाठवला.

आपल्या वाचकांना छावणी हा शब्द नवा नाही. दुष्काळ पडला की मुंबई-पुण्याच्या संघांकडून चाऱ्याचे ट्रक निघतात, आणि नाशिक-पंचवटीची पांजरपोळ तर आपण लहानपणापासून पाहत आलो. आपल्याकडे हे काम जीवदयेच्या खात्यावर लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. म्हसवडच्या छावणीत आणखी एक पैलू दिसतो. केराबाईंची गाय ही त्यांची मुदत ठेव होती आणि शेळी हे चालू खाते. जनावर वाचले तर घर वाचणार, घर वाचले तर गाव, आणि गाव वाचले तरच बँक. छावणीवर झालेला खर्च कोणत्या सदरात टाकायचा, हा प्रश्न आपल्या एखाद्या सनदी लेखापालाला घातला, तर तो ‘देणगी’ असे उत्तर देईल. मला मात्र तो बँकेच्या मूळ व्यवसायातलाच खर्च वाटतो.

ज्या बँकेत कर्जदार काउंटरपलीकडून अध्यक्षांना असा सवाल करू शकतो, आणि अध्यक्ष तो सवाल रात्रभर उशाशी घेऊन झोपेविना काढतात, अशा बँका आपल्या आजूबाजूला किती आहेत हे ज्याचे त्याने पाहावे. पुढच्या वेळी सत्काराचे नाव सुचवताना समितीने उमेदवाराला एवढेच विचारावे की, गेल्या वर्षभरात तुमच्या सर्वांत लहान खातेदाराचे तुम्ही काय ऐकलेत?

अखेर पाऊस आला. छावणी उठली, जनावरे आपापल्या गोठ्यांत परतली. केराबाई पुढे त्याच म्हसवडच्या आकाशवाणी केंद्रावर बोलू लागल्या, गाऊ लागल्या. ज्यांनी एकदा बँकेत येऊन पाणी मागितले होते, त्यांचा आवाज आता माणदेशातल्या घराघरांत ऐकू येतो.